जुन्या बेसबॉल छायाचित्रातला अनोळखी खेळाडू: ओळख पटवण्याची पद्धत

माझ्याकडे तळहातावर मावेल एवढा एक टिनटाइप, म्हणजे पत्र्यावर उमटवलेले जुने छायाचित्र, आहे. लोखंडी पत्र्याच्या त्या पातळ तुकड्यावर एक तरुण उभा आहे. त्याच्या अंगात समोर बटणपट्टी असलेला फ्लॅनेलचा सदरा, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर चपट्या माथ्याची टोपी आहे, आणि त्याने डाव्या हातात खांद्याच्या उंचीवर चेंडू धरलेला आहे. हा डावखुरा पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू) आहे असे गृहीत धरून मी दोन महिने एकोणिसाव्या शतकातल्या डावखुऱ्या पिचरांच्या याद्या धुंडाळल्या आणि ज्यांची चित्रे मिळाली ती एकेक करून शेजारी ठेवून पाहिली. मग एका संध्याकाळी भिंगाखाली सदऱ्याची बटणपट्टी नीट पाहिली. पुरुषांच्या सदऱ्यात डावी बाजू उजव्या बाजूवर येते, आणि या चित्रात उजवी बाजू डाव्या बाजूवर आलेली होती. टिनटाइपची प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी असते. तो तरुण उजव्या हाताने चेंडू टाकणारा होता आणि दोन महिन्यांची सगळी यादी पहिल्या पायरीलाच चुकलेली होती.

अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉल छायाचित्रांवर काम करताना हीच चूक वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा घडताना दिसते. चित्र हाती आले की आपण आधी चेहऱ्याकडे पाहतो, तो कोणासारखा तरी दिसतो, आणि मग उरलेला सगळा पुरावा त्या साम्याला जुळवून घेतला जातो. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम उलट ठेवला आहे: आधी वस्तू, मग बाजू आणि रंग, मग कपडे, जागा, संघाची यादी आणि सर्वांत शेवटी चेहरा. 'हा तो आहे' हे सिद्ध करणे फार अवघड आणि 'हा तो नाही' हे सिद्ध करणे त्या मानाने सोपे असते. म्हणून बहुतेक खरी ओळख वगळत वगळतच पटते.

वस्तू हातात घेऊन तपासा

काम सुरू करण्याआधी चित्राच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजू किमान ६०० डीपीआयवर, पुठ्ठ्याच्या कडांसकट स्कॅन करून घ्याव्यात. विकणारे लोक पुष्कळदा फक्त प्रतिमेचा भाग दाखवतात, पण तारीख ठरवायला उपयोगी पडणारी माहिती बहुधा कडेला आणि पाठीमागेच असते.

त्यानंतर चित्र कोणत्या प्रक्रियेने तयार झाले ते ठरवावे. आरशासारखे चकाकणारे आणि तिरके धरल्यावर नकारात्मक दिसणारे चित्र डॅगेरोटाइप असते आणि ते बहुधा १८४० ते १८६० या काळातले असते. काचेवरचे अँब्रोटाइप १८५०च्या दशकाच्या मध्यापासून दिसू लागतात. टिनटाइपचे अमेरिकी पेटंट १८५६ सालचे आहे आणि त्याला लोहचुंबक चिकटते; चुंबक पाठीमागून आणि अलगद लावावा. कागदी चित्रांत सुमारे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच पुठ्ठ्यावरचे कार्त-द-व्हिजिते १८६०च्या दशकात भरात होते, तर सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे कॅबिनेट कार्ड अमेरिकेत १८६६च्या सुमारास आले आणि शतक संपेपर्यंत टिकले. या दोन्हींवरचा कागद बहुधा अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला, असतो. तो पातळ आणि पिवळसर तपकिरी असतो आणि भिंगाखाली त्यातले कागदाचे तंतू दिसतात. जिलेटिन सिल्व्हरच्या जुन्या प्रतीत गडद भागावर चंदेरी झाक चढलेली असते. भिंगाखाली नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छायाचित्र नव्हे, छापील चित्र आहे.

कार्त-द-व्हिजितेच्या पाठीवर महसुली तिकीट चिकटवलेले असेल तर काम पुष्कळ सोपे होते, कारण यादवी युद्धाच्या काळात छायाचित्रांवर लावलेला कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ लागू होता. पोस्टकार्ड असेल तर पाठीमागची रेघ पाहावी. पत्ता आणि मजकूर यांच्यासाठी वेगळे भाग असलेली पाठ अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून आली. तिकिटाच्या चौकटीत 'अझो' हे नाव आणि चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक केलेले असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला असतो. दोन त्रिकोण वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० मधला. या तारखा कागदाच्या आहेत. जुनी काच (काचेची निगेटिव्ह) नव्या कागदावर पुन्हा छापता येते, त्यामुळे कागदाची तारीख म्हणजे चित्र टिपल्याची तारीख नव्हे.

पुठ्ठ्यावर छायाचित्रकाराचे नाव आणि पत्ता असेल तर त्या शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या वर्षावर्षाने चाळाव्यात. फोटो स्टुडिओ सारखे जागा बदलत असत, आणि एखाद्या पत्त्यावर तो छायाचित्रकार फक्त दोनतीन वर्षे होता असे निघाले तर काळाचा अंदाज एकदम आवळला जातो. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, जमिनीवर अंथरलेला गवतासारखा गालिचा, खोटा दगड यांचीही नोंद ठेवावी, कारण तोच पडदा ओळख पटलेल्या दुसऱ्या चित्रात सापडू शकतो. १८८७ ते १८९० या काळात न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने 'ओल्ड जज' सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची हजारो चित्रे वाटली. त्यांतल्या पुष्कळ चित्रांत खेळाडू हवेतला चेंडू झेलताना दिसतो, पण मोठे करून पाहिल्यावर चेंडूला वरून बांधलेली दोरी स्पष्ट दिसते.

डावे की उजवे

डॅगेरोटाइप, टिनटाइप आणि बरेचसे अँब्रोटाइप उलटे असतात. काचेची किंवा फिल्मची निगेटिव्ह वापरून काढलेली कागदी प्रत सुलटी असायला हवी, पण निगेटिव्ह उलटी ठेवून छापल्यास तीही उलटी येते. तपासणीसाठी सदऱ्यावरची अक्षरे सर्वांत सोयीची. मात्र ए, एच, एम, ओ, टी ही इंग्रजी अक्षरे आरशातही तशीच दिसतात, म्हणून एकाच अक्षराच्या गणवेशावर विसंबू नये. अक्षर नसेल तर बटणपट्टी, पाठीमागच्या दुकानाची पाटी, मैदानावर पहिला बेस (फलंदाजाने धावत गाठायचा पहिला थांबा) कोणत्या हाताला आहे, हे पाहावे.

उलटे चित्र ही केवळ एकोणिसाव्या शतकाची अडचण नाही. १९५७ सालच्या टॉप्स कंपनीच्या खेळाडू-कार्डावर उजव्या हाताने खेळणारा हँक ॲरन डाव्या बाजूने फलंदाजी करताना दिसतो, कारण निगेटिव्ह उलटी छापली गेली. सदऱ्यावरचा ४४ हा आकडाही उलटा आहे. १९५९च्या संचातल्या कार्डावर लू बर्डेट हा उजव्या हाताचा पिचर मुद्दाम डावखुऱ्याच्या पवित्र्यात उभा राहिला आणि ते चित्र तसेच छापले गेले; तिथे चित्र सुलटे होते आणि माणसाने पवित्रा बदलला होता. बेब रूथचे बाल्टिमोरच्या सेंट मेरीज शाळेतले कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) वेशातले चित्र पाहणाऱ्याला तो उजव्या हाताचा वाटतो, कारण मिट, म्हणजे फेकीच्या उलट्या हातात घालायचा कॅचरचा जाड हातमोजा, डाव्या हातात आहे. तो डावखुरा होता, पण शाळेत डावखुऱ्यांसाठी मिट नसल्याने उजव्या हाताच्या कॅचरचे मिट डाव्या हातात घालून खेळत असे. म्हणून हाताचा पुरावा महत्त्वाचा मानावा, पण एकट्या त्याच्यावर निर्णय देऊ नये.

काळ्या-पांढऱ्यात रंग कसे दिसतात

हा भाग मी थोडा सविस्तर लिहितो, कारण माहितगार माणसेही इथे फसतात. ओल्या कोलोडियनच्या प्लेटला (त्या काळी छायाचित्रासाठी वापरत त्या रासायनिक लेपाच्या काचेला) निळा आणि जांभळा प्रकाश चटकन दिसतो, लाल जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे गडद निळा सदरा फिकट राखाडी येतो आणि लाल मोजा काळा येतो. १८६९ साली उघडपणे सर्व खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ म्हणून प्रसिद्ध झालेल्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जच्या चित्रांत त्यांचे लाल मोजे गडद काळसर दिसतात ते याच कारणाने. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट हिरव्यापर्यंत पोचल्या, पण लाल त्यांनाही काळाच दिसे. सर्व रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म १९२०च्या दशकात रुळली.

याचा परिणाम चेहऱ्यावरही होतो. निळे डोळे इतके फिकट येतात की बुबुळ जवळजवळ पांढरे दिसते, आणि वांगाचे ठिपके किंवा उन्हाने लाल झालेली कातडी प्रत्यक्षापेक्षा काळपट दिसते. म्हणून १८७०च्या चित्रातल्या 'काळसर' चेहऱ्याच्या माणसाची १९२५च्या चित्रातल्या 'गोऱ्या' माणसाशी वर्णावरून तुलना करू नये, आणि 'याच्या सदऱ्यावरचे अक्षर फिकट आहे म्हणून ते पांढरे असणार' असेही मानू नये. ते निळे असू शकते.

गणवेश: सर्वांत बोलका साक्षीदार

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४९ साली निळी लोकरी पाटलोण, पांढरा फ्लॅनेलचा सदरा आणि गवती हॅट असा पोशाख ठरवला. १८६०च्या दशकात छातीवर ढालीसारखा बटणांचा तुकडा आणि त्यावर एक अक्षर असे सदरे सर्वत्र दिसतात. सिनसिनाटीच्या संघाने १८६८ साली गुडघ्यापर्यंतची विजार आणि लांब मोजे आणले आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक संघांनी ते उचलले. म्हणून पूर्ण लांबीच्या पाटलोणीतला संघ बहुधा १८७० च्या आधीचा किंवा अगदी लहान गावातला असतो. १८८०च्या दशकात गळ्याशी नाडी ओवलेले सदरे येतात. विसावे शतक उजाडताना पडती कॉलर असते, त्यानंतर काही वर्षे आखूड उभी कॉलर दिसते, आणि १९१०चे दशक संपेपर्यंत कॉलर गेलेली असते.

१९०० नंतरच्या मोठ्या संघांसाठी कूपर्सटाउनच्या नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मोसमाच्या गणवेशांची रेखाचित्रे आहेत. छातीवरच्या अक्षराचा नेमका आकार, बाहीवरची पट्टी, मोज्यावरच्या रेघांची संख्या आणि टोपीच्या कडेचा रंग ही चार अंगे वेगवेगळी टिपून मगच रेखाचित्रांकडे वळावे. आधी रेखाचित्र पाहिले तर डोळा त्याला हवे तेच टिपतो. खास मोसमी खुणा मिळाल्या तर फार वेळ वाचतो. १९३९ साली सर्व संघांच्या बाहीवर बेसबॉलच्या कथित शताब्दीचे चिन्ह होते. १९०६ साली न्यूयॉर्क जायंट्सच्या छातीवर संघाच्या नावाऐवजी 'वर्ल्ड्स चँपियन्स' असे शब्द होते. १९३७ साली शिकागो कब्जच्या सदऱ्याला झिप आली.

पाठीवरचे आकडे ही मोठीच सोय, पण त्यांचाही इतिहास नीट माहीत असावा लागतो. क्लीव्हलँडने २६ जून १९१६ रोजी बाहीवर आकडे लावून पाहिले, सेंट लुई कार्डिनल्सनी १९२३ साली तोच प्रयोग केला, आणि १९२९ साली न्यूयॉर्क यांकीज आणि क्लीव्हलँड यांनी पाठीवर आकडे कायमचे घेतले. यांकीजनी फलंदाजीच्या क्रमानुसार आकडे दिले म्हणून रूथला ३ आणि गेरिगला ४ मिळाला. आता समजा, यांकीजच्या घरच्या रेघांच्या गणवेशातला पाठमोरा खेळाडू आहे, आकडा ३ आहे, आणि त्याच क्षणी टिपलेल्या दुसऱ्या चित्रात छाती दिसते. त्या छातीवर एन आणि वाय यांची गुंफण असेल तर तो रूथ नाही, कारण १९१७ ते १९३५ या काळात घरच्या सदऱ्यावर ती गुंफण नव्हती, १९३६ साली ती परत आली, आणि रूथ १९३४च्या मोसमानंतर संघ सोडून गेला होता. ३ हा आकडा त्याच्यानंतर जॉर्ज सेलकर्कला देण्यात आला होता. छाती कोरी असेल तरीही १९३५चा सेलकर्क शक्यतेत उरतोच. नुसत्या आकड्यावरून 'बेब रूथ' म्हणून विकली गेलेली चित्रे म्हणूनच दुसऱ्यांदा पाहण्यासारखी असतात.

गणवेशाच्या बाबतीत एक सापळा सर्वांना अडकवतो. वसंतातल्या सराव शिबिरात संघ आदल्या वर्षीचे जुने गणवेश घालत, आणि मोठ्या संघांचे टाकलेले गणवेश लहान संघ विकत घेत. त्यामुळे पाठीमागे ताडाची झाडे आणि अंगावर १९११चा गणवेश दिसला तर चित्र १९१२च्या मार्चमधले असू शकते, आणि त्यातला खेळाडू १९११च्या यादीत सापडणारच नाही, कारण तो त्या हिवाळ्यातच संघात आलेला असेल.

साहित्य आणि मैदान

हाताशी असलेल्या वस्तू बहुधा 'याच्या आधीचे नाही' एवढेच सांगतात, पण तेही पुरेसे मोलाचे असते. कॅचरचा तारांचा मुखवटा हार्वर्डच्या फ्रेड थेअरने १८७७च्या सुमारास तयार केला. पायांवरची ढाल रॉजर ब्रेस्नाहनने १९०७ साली मैदानात आणली. एका बाजूने चपटी बॅट फक्त १८८५ ते १८९३ या काळात नियमात बसत होती. होम प्लेट (फलंदाजाजवळची जमिनीवरची पांढरी पाटी) चौकोनी असेल तर चित्र १९०० च्या आधीचे असण्याचा संभव मोठा, कारण पाच कोनांची प्लेट त्या वर्षी आली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये विणलेली जाळी असलेला ग्लोव्ह बिल डोकच्या कल्पनेतून १९२०च्या सुमारास बाजारात आला. सामन्याच्या चित्रात आउटफिल्डच्या (मैदानाच्या बाहेरच्या भागाच्या) गवतावर ग्लोव्ह पडलेला दिसला तर चित्र १९५४ च्या आधीचे, कारण डाव संपल्यावर ग्लोव्ह मैदानातच टाकून जाण्याची जुनी प्रथा त्या वर्षी बंद झाली.

मैदान ओळखता आले तर सामनाही सापडू शकतो. पिट्सबर्गचे फोर्ब्ज फील्ड ३० जून १९०९ रोजी, शिकागोचे कॉमिस्की पार्क १ जुलै १९१० रोजी, बॉस्टनचे फेनवे पार्क २० एप्रिल १९१२ रोजी आणि यांकी स्टेडियम १८ एप्रिल १९२३ रोजी सुरू झाले. न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स एप्रिल १९११च्या आगीनंतर नव्याने उभे राहिले, त्यामुळे तिथले लाकडी मुख्य स्टँड दिसले तर आगीच्या आधीची तारीख पक्की. फेनवेच्या डाव्या भिंतीखालचा 'डफीज क्लिफ' नावाचा उतार १९३४च्या मोसमाआधी बहुतेक काढून टाकला गेला, आणि त्या भिंतीवरच्या जाहिराती १९४७ साली हिरव्या रंगाखाली गेल्या. शिकागोच्या रिग्ली फील्डच्या भिंतीवर वेल दिसली तर चित्र १९३७ च्या आधीचे नाही. कुंपणावरच्या जाहिराती वाचून काढाव्यात; एखाद्या नाटकाची किंवा निवडणुकीतल्या उमेदवाराची जाहिरात वर्षच नव्हे तर महिनाही सांगून जाते.

खेळाडू नसलेली माणसेही तारीख सांगतात. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सच्या १९१० ते १९१४ मधल्या संघचित्रांत लुई व्हान झेल्स्ट हा पाठीला कुबड असलेला तरुण बॅटबॉय (खेळाडूंच्या बॅट सांभाळणारा मुलगा) आणि शुभचिन्ह म्हणून बसलेला दिसतो. न्यूयॉर्क जायंट्सच्या १९११च्या चित्रांत चार्ल्स 'व्हिक्टरी' फाउस्ट गणवेशात दिसतो, पण प्रत्यक्षात तो फक्त दोन सामन्यांत खेळला. संघाच्या खेळाडूंच्या यादीत चेहरा बसत नसेल तर बॅटबॉय, ट्रेनर, राखीव पिचर आणि शिबिरात येऊन गेलेले तरुण यांचा विचार आधी करावा. १९६९च्या टॉप्स संचात ऑरेलियो रॉड्रिगेजच्या नावाने छापलेल्या कार्डावर खरे तर एंजल्सच्या बॅटबॉयचा चेहरा आहे.

यादी करा आणि वगळा

संघ आणि मोसम ठरला, निदान दोनतीन मोसमांच्या आत आला, की त्या संघाची पूर्ण यादी कागदावर उतरवावी. बेसबॉल-रेफरन्सवर प्रत्येक मोसमाचे खेळाडू, त्यांची जन्मतारीख, उंची आणि हात दिलेले असतात. प्रत्येक नावापुढे वय, हात, उंची, जागा आणि संघात असण्याचे महिने लिहावेत. मोसमाच्या मध्यात विकला गेलेला खेळाडू सप्टेंबरच्या चित्रात असू शकत नाही. ज्या खेळाडूंची खात्रीशीर चित्रे आहेत त्यांना समूहचित्रात आधी ओळखून बाजूला काढावे. पंधरा जणांपैकी अकरा ओळखले गेले की उरलेले चार चेहरे आणि उरलेली सहा नावे एवढेच काम राहते.

ही नावे वर्तमानपत्रांशी ताडून पाहावीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'मध्ये जुनी वृत्तपत्रे मोफत शोधता येतात, फिलाडेल्फियाचे 'स्पोर्टिंग लाइफ' हे साप्ताहिक एलए८४ फाउंडेशनच्या डिजिटल ग्रंथालयात आहे, आणि स्पॉल्डिंगच्या वार्षिक मार्गदर्शिकांत लहानमोठ्या संघांची क्रमांक घातलेली समूहचित्रे आणि खाली नावे असतात. लहान गावच्या संघांसाठी या मार्गदर्शिका खाणीसारख्या आहेत.

समूहचित्राखालची नावे वाचताना आपल्या घरातल्या जुन्या फोटोंचा अनुभव आठवावा. 'बसलेले, डावीकडून' असे लिहिले की डावे पाहणाऱ्याचे की बसलेल्याचे, हा घोळ कुठल्याही देशात होतो, आणि तिसऱ्या रांगेतला एक माणूस मोजायचा राहिला की पुढची सगळी नावे एकेक घर सरकतात. एक ओळखीचा चेहरा चुकीच्या नावाखाली दिसला तर तीच रांग एक घर सरकवून पाहावी. निम्म्या चुका तिथेच सुटतात.

आडनावावरही थांबू नये. बेन न्यूज सर्व्हिस या वृत्तछायाचित्र संस्थेच्या काचांवर प्रतिमेच्या कडेला फक्त 'बर्न्स' असे खरडलेले असू शकते, आणि त्याच काळात जॉर्ज बर्न्स नावाचे दोन खेळाडू मोठ्या लीगमध्ये होते, एक जायंट्सचा आउटफिल्डर आणि दुसरा अमेरिकन लीगमधला पहिल्या बेसवरचा. भाऊ हा आणखी अवघड प्रकार. डेलाहँटी घराण्यातले पाच भाऊ मोठ्या लीगमध्ये खेळले, आणि भावांच्या बाबतीत कानाचे साम्यसुद्धा फसवू शकते.

आता चेहरा

तुलनेसाठी एकाच कोनातली, शक्यतो जवळपासच्या वयातली दोन चित्रे निवडावीत, डोळ्यांमधले अंतर समान येईल एवढी ती लहानमोठी करावीत आणि एकाखाली एक ठेवावीत. मिशी, केस आणि शरीराचा भरदारपणा यांकडे दुर्लक्ष करावे. १८८०च्या दशकात मिशी हा सर्वांचाच चेहरा होता. पाहायचे ते कान, नाकाचा बुडखा आणि नाकपुड्यांची ठेवण, भुवयांची डोळ्यांपासूनची उंची, वरच्या ओठावरची खाच, हनुवटी आणि कपाळावरची केसांची रेघ.

यांत कान सर्वांत भरवशाचा. फ्रान्समध्ये अल्फोन्स बर्तियॉनने १८८०च्या दशकात गुन्हेगारांच्या नोंदीत कानाला विशेष स्थान दिले, आणि त्याचे कारण आजही लागू आहे: प्रौढ वयात कानाची घडण फारशी बदलत नाही आणि ती माणसागणिक वेगळी असते. पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी लोंबते, बाहेरची कड वर किती दुमडली आहे, आतली कड बाहेर डोकावते की नाही, कान डोक्याला चिकटून आहे की पुढे आलेला, हे चार प्रश्न विचारावेत. म्हातारपणी पाळी लांबते आणि टोपी कानाला खाली दाबते, याची सूट द्यावी. डोके खाली झुकले की कान डोळ्यांच्या रेघेपेक्षा वर गेल्यासारखे वाटतात. तो फरक कोनाचा असतो, माणसाचा नव्हे.

निर्णयाचा नियम कडक ठेवावा. वय, कोन, प्रकाश, दुखापत यांपैकी कशानेही न उलगडणारा एकच स्पष्ट फरक सापडला तर ओळख रद्द करावी. दहा साम्ये मिळाली तरी ती फक्त शक्यता वाढवतात. संगणकी चेहरा-ओळख यादी आखूड करायला वापरावी, पण ती देते ती साम्याची टक्केवारी असते; धूसर, ओरखडे पडलेल्या, टोपीखालच्या सावलीतल्या चेहऱ्यावर त्या टक्क्यांना मी निर्णायक वजन देत नाही.

चेहऱ्याइतकेच हात पाहावेत. जुन्या कॅचरांची बोटे मोडून वाकडी झालेली असत. पिचर मॉर्डेकाय ब्राउनच्या उजव्या हाताची तर्जनी लहानपणी शेतातल्या यंत्रात गेली होती, आणि त्याच्या चित्रांत चेंडूभोवतीची ती पकड एकदा पाहिली की दुसऱ्या कोणाची वाटत नाही.

तुलनेचे चित्रही तपासलेले असले पाहिजे. १९०९ ते १९११ मधल्या टी२०६ सिगारेट-कार्डांवरची पुष्कळ व्यक्तिचित्रे बॉस्टनच्या कार्ल हॉर्नरने काही वर्षे आधी काढलेल्या छायाचित्रांवरून केली होती. होनस वॅग्नरचे प्रसिद्ध कार्डही त्यांतलेच. कार्डाच्या तारखेवरून वय मोजले तर हिशेब चुकतो. म्हणून तुलनेसाठी मूळ काचांच्या स्कॅनकडे जावे: लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला बेन संग्रह, शिकागो हिस्टरी म्युझियममधल्या शिकागो डेली न्यूजच्या १९०२ ते १९३३ मधल्या काचा, बॉस्टन पब्लिक लायब्ररीतला लेस्ली जोन्स संग्रह. लायब्ररी ऑफ काँग्रेसने बेन संग्रहातली चित्रे २००८ पासून फ्लिकर कॉमन्सवर ठेवल्यावर सामान्य वाचकांनी वृत्तपत्रे शोधून असंख्य नावे दुरुस्त केली. १९७१ साली कूपर्सटाउनमध्ये स्थापन झालेल्या सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च या संस्थेची चित्र-इतिहास समितीही हेच काम दशकानुदशके करत आली आहे. एकट्याने काढलेला निष्कर्ष अशा लोकांपुढे ठेवावा. निकरबॉकर क्लबच्या अलेक्झांडर कार्टराइटचा म्हणून गाजलेल्या डॅगेरोटाइपवरही मुरलेल्या तज्ज्ञांत तीव्र मतभेद झाले आहेत.

जिथे याद्याच अपुऱ्या आहेत

कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघांबाबत ही सगळी पद्धत वापरताना जास्त धीर लागतो, आणि माझ्या मते जास्त आस्थाही. रूब फॉस्टरने १९२० साली कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीग उभी केली, पण त्याआधीच्या आणि नंतरच्याही संघांच्या याद्या अपूर्ण आहेत, खेळाडू मोसमात अनेकदा संघ बदलत, आणि मुख्य वृत्तपत्रे त्यांच्या सामन्यांना जागा देत नसत. इथे 'शिकागो डिफेंडर' आणि 'पिट्सबर्ग कुरिअर' ही कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे, सीमहेड्सचा नीग्रो लीग्ज डेटाबेस आणि पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टमधला टीनी हॅरिसचा छायाचित्रसंग्रह यांच्यापासून सुरुवात करावी. नावे बदललेलीही असतात: १८८५च्या कीओकक संघाच्या समूहचित्रात दिसणाऱ्या बड फाउलरचे मूळ नाव जॉन जॅक्सन होते. तो २०२२ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. जनगणनेच्या कागदांत त्याला फाउलर म्हणून शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

नोंद कशी करावी

शेवटी निष्कर्ष लिहिताना खात्रीची पातळी नेहमी लिहावी. मी चार शब्द वापरतो. चित्राच्याच काळात लिहिलेले नाव आणि स्वतंत्र चेहरा-तुलना दोन्ही जुळली तर 'निश्चित'; यादीतून सर्वांना वगळून एकच नाव उरले आणि चेहरा विरोधात गेला नाही तर 'बहुधा'; चेहरा जुळतो पण संघ किंवा वर्ष ठरलेले नाही तर 'शक्य'; बाकी सर्व 'अनोळखी'. कोणत्या पुराव्यावरून ते ठरले आणि कोणती नावे कशामुळे वगळली हेही लिहावे, म्हणजे पुढच्या माणसाला तेच काम पुन्हा करावे लागणार नाही. मूळ चित्रावर पेनने काहीही लिहू नये. आम्लरहित पाकिटावर मऊ पेन्सिलने, चित्र आत ठेवण्याआधी लिहावे.

माझ्या टिनटाइपच्या पाकिटावर सध्या एवढे आहे: 'अनोळखी खेळाडू. टिनटाइप, टोपी आणि सदऱ्यावरून बहुधा १८७० ते १८८५. सदऱ्यावर अक्षर नाही, संघ अज्ञात. प्रतिमा उलटी, डाव्या हातात दिसणारा चेंडू प्रत्यक्षात उजव्या हातात. खात्रीशीर चित्रांशी ताडून वगळलेले: नऊ डावखुरे पिचर, यादी आत. कानाची पाळी सुटी. उजव्या हाताच्या पिचरांची तपासणी सुरू.'